घंटा, हजेरी आणि निधी : सावेडीतील सेवा क्लबांचा वर्षभराचा कारभार

सेवा क्लब म्हणजे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या लोकांचा गट. तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जमतो, स्वतःचा खर्च स्वतःच्या वर्गणीतून भागवतो आणि समाजाकडून जमवलेला पैसा समाजाच्याच कामाला लावतो. अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले नगर, या शहरात रोटरी, लायन्स आणि इनर व्हील या चळवळींचे क्लब आहेत. त्यांच्या सदस्य-यादीत सावेडी उपनगराचे पत्ते बरेच आढळतात, त्यामागे या भागाच्या वाढीची हकीकत आहे.

सावेडी हे मुळात नगरच्या उत्तरेचे एक गाव. शहर मनमाड रस्त्याच्या अंगाने वाढत गेले आणि गाव शहरात सामावले. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता, भिस्तबाग, प्रेमदान चौक या नावांनी आज जी वस्ती ओळखली जाते ती बहुतांशी नोकरदार, प्राध्यापक, डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक आणि दुकानदार यांची. राहुरी, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, पारनेर अशा तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी किंवा बदलीच्या निमित्ताने आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. कापडबाजार, दाळमंडई, चितळे रस्ता या जुन्या नगरात माणसाला ओळख वारशाने मिळते. गल्ली, तालीम, गणेश मंडळ, देऊळ आणि बाजारपेठेतली उधारी हे सगळे संबंध तो जन्माला येण्यापूर्वीच तयार असतात. बंगल्यांच्या आणि अपार्टमेंटच्या वसाहतीत असे काही आयते मिळत नाही. शेजारच्या फाटकावरची पाटी वाचून आडनाव कळते, माणूस कळत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या ज्या संस्था अशा वसाहतींत रुजल्या, त्यांत भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, महिलांची भिशी यांच्या बरोबरीने सेवा क्लबही मोजावा लागतो. निधी, शिबिरे, फलक या गोष्टी बाहेरून दिसतात. त्यांच्या मुळाशी मात्र नव्या वस्तीतल्या माणसांनी एकमेकांना ओळखण्याची गरज आहे.

या चळवळीचा जन्मही अशाच एकटेपणातून झाला. पॉल हॅरिस हा छोट्या गावात वाढलेला वकील शिकागोत व्यवसायासाठी आला. शहरात गिऱ्हाइके मिळाली, पण गावातल्यासारखी मैत्री मिळेना. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने तीन परिचितांना घेऊन पहिली बैठक केली. गुस्टाव लोअर हा खाण अभियंता, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी हा शिंपीकाम करणारा. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव पडले रोटरी. शिकागोतच विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये लायन्सची स्थापना झाली. व्यापारी मंडळांनी एकमेकांचा धंदा वाढवण्यापुरते न थांबता गावाच्या उपयोगी पडावे, हा त्यांचा आग्रह होता. रोटरी सदस्यांच्या पत्नींची इनर व्हील ही स्वतंत्र संघटना १० जानेवारी १९२४ रोजी मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी सुरू केली.

भारतात रोटरी १९१९ मध्ये कोलकात्याला आली आणि १९२९ मध्ये मुंबईला. लायन्सचा भारतातला पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. कोलकात्याचे नितीश लाहरी १९६२-६३ मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष झाले, या पदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय. पुढे राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता यांनीही हे पद भूषवले. मुंबईत नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये जायंट्स ही याच धर्तीची भारतीय संघटना उभी केली. स्त्रियांना मात्र रोटरीचे दार फार उशिरा उघडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय आणि त्यानंतर १९८९ मध्ये झालेली नियमदुरुस्ती यांमुळे त्यांना पूर्ण सदस्यत्वाचा हक्क मिळाला. तोवर त्या क्लबात सदस्याची पत्नी म्हणूनच यायच्या आणि ‘अ‍ॅन’ म्हणवल्या जायच्या. हा शब्द अजूनही कानावर येतो. डॉक्टर, वकील, प्राचार्य असलेल्या स्त्रीची ओळख पतीच्या सदस्यत्वावरून व्हावी, ही रीत जितकी लवकर जाईल तितके बरे.

क्लबचे नाव, चिन्ह आणि कोट परदेशी असला तरी थोड्या-थोड्या पैशांतून मोठे काम उभारण्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी दरडोई वर्षाला एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे यांनी विधवाश्रमाच्याही आधी आपल्या गावासाठी मुरूड फंड काढला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना घरोघरच्या मूठ-मूठ धान्याचा आधार होता, आणि त्यांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेली माणसे नगर जिल्ह्यात गावोगाव भेटतात. या सगळ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने पाळल्या. मागणी लहान पण नियमित असायची आणि हिशेब जाहीर असायचा. सेवा क्लब चांगला चालतो की नाही हे पाहायला आजही याच दोन खुणा पुरतात.

साप्ताहिक सभेची रीत ठरलेली आहे. अध्यक्ष घंटेवर टोला देतात आणि सभा सुरू होते. राष्ट्रगीत होते. रोटरीत हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये आपली बुडती कंपनी सावरताना तयार केलेली चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते. बोलण्या-वागण्यात खरेपणा आहे का, ते सर्वांना न्याय्य आहे का, त्याने सद्भाव वाढेल का आणि संबंधित सगळ्यांचे हित होईल का, असे ते प्रश्न आहेत. मग त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, पाहुण्यांची ओळख, सचिवांच्या सूचना, चालू प्रकल्पांचा आढावा. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांचे व्याख्यान, प्रश्नोत्तरे, आभार आणि पुन्हा घंटा. सभा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे ही क्लबची प्रतिष्ठा मानली जाते. जेवण किंवा चहा-नाश्ता घंटेनंतर होतो. सदस्य त्याला ‘फेलोशिप’ म्हणतात, आणि निम्मी कामे तिथेच ठरतात. शिबिरासाठी शाळेचा हॉल हवा असेल तर त्या शाळेच्या विश्वस्तांशी बोलणारा माणूस शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो.

सदस्यत्व व्यवसायाच्या वर्गवारीने देण्याची रोटरीची जुनी पद्धत इथे उपयोगी पडते. एकाच धंद्यातली माणसे क्लबात भरू नयेत, असा तिचा हेतू. त्यामुळे एका टेबलाभोवती नेत्रतज्ज्ञ, कर सल्लागार, बिल्डर, मुख्याध्यापक, मंडप कंत्राटदार आणि औषध विक्रेता बसतात. मोतीबिंदूच्या शिबिराला लागणाऱ्या माणसांची यादी याहून फार वेगळी नसते.

लायन्स क्लबात ‘टेल ट्विस्टर’ नावाचा पदाधिकारी असतो. सभेत उत्साह टिकवणे आणि सदस्यांना छोटे दंड करणे हे त्याचे काम. उशिरा आला, मोबाइल वाजला, क्लबची पिन लावली नाही, वर्तमानपत्रात फोटो आला, अशी कारणे त्याला पुरतात. त्याला स्वतःला दंड करायचा असेल तर हजर असलेल्या सर्व सदस्यांचे एकमत लागते. रोटरीत सभेची शिस्त सार्जंट-अ‍ॅट-आर्म्सकडे असते, आणि आनंदाची बातमी सांगून पेटीत पैसे टाकण्याची प्रथा आहे. मुलगी बारावीला चांगले गुण मिळवून पास झाली, नवे दुकान उघडले, आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली, की सदस्य उभा राहतो, दोन वाक्ये बोलतो आणि नोट टाकतो. जमा रक्कम थोडी असते, तिची खरी किंमत वेगळीच आहे. दर आठवड्याला चाळीस घरांची सुखदुःखे चाळीस माणसांना कळत राहतात. देणगी मागायला जाणाऱ्याला लागणारा भरवसा या दोन-दोन वाक्यांतून साचतो.

म्हणूनच जुन्या नियमांत हजेरीला इतके महत्त्व होते. रोटरीत निम्म्या सभांना हजर राहणे अपेक्षित असे आणि लागोपाठ चार सभा चुकल्या तर सदस्यत्व जाऊ शकत असे. गावाबाहेर गेलेला सदस्य तिथल्या क्लबच्या सभेला बसून हजेरी भरून काढी, त्याला ‘मेकअप’ म्हणत. नगरचा व्यापारी मालाच्या खरेदीला दुसऱ्या शहरात गेला तरी तिथल्या सभेत अनोळखी माणसांत ओळखीची रीत सापडायची. २०१६ मध्ये रोटरीने नियम सैल केले. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते आणि सभेचे स्वरूपही क्लबला ठरवता येते. २०२० च्या टाळेबंदीत सभा मोबाइलच्या पडद्यावर गेल्या, काही प्रमाणात तिथेच राहिल्या. तरुण सदस्यांच्या कामाचे तास आणि घरच्या जबाबदाऱ्या पाहता ही सवलत आवश्यकच होती. मात्र पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या गटात आजारी माणसाची चौकशी पंधरा दिवस उशिरा होते, हा तोटा पत्करावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरील शुभेच्छा त्याची भरपाई करू शकत नाहीत.

क्लबच्या पैशाची बाजू समजून घ्यायची तर आधी दोन खाती वेगळी ओळखावी लागतात. पहिले प्रशासकीय खाते. सदस्यांची वर्गणी, जेवणाचे पैसे, दंड आणि आनंदपेटी यात जमा होतात. सभागृहाचे भाडे, जेवण, वार्तापत्र, आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि प्रांत (आसपासच्या क्लबांचा विभाग) यांना सहामाही भरायची माणशी रक्कम हे खर्च यातून होतात. दुसरे प्रकल्प खाते. लोकांकडून, कंपन्यांकडून, कार्यक्रमांतून आलेला पैसा यात जातो आणि तो फक्त लोकांच्याच कामाला वापरायचा असतो. लोकांकडून सेवेच्या नावाने आलेला पैसा क्लबच्या प्रशासनाकडे वळवता येत नाही, हा लायन्सच्या नियमांचा कणा आहे. ज्या क्लबात शिबिराच्या पावतीपुस्तकातून पदग्रहणाच्या जेवणाचे बिल भागते, त्याला पुढच्या वर्षी दारात कोणी उभे करत नाही. नगरसारख्या शहरात असे बोलणे पसरायला आठवडाही लागत नाही.

निधी गोळा करण्याच्या मार्गांत नाटकाचा मदतप्रयोग हा खास मराठी मार्ग आहे. क्लब निर्मात्याकडून पूर्ण प्रयोग ठरावीक रकमेला घेतो, त्याला व्यवहारात ‘कंत्राट’ म्हणतात. तिकिटाऐवजी देणगी प्रवेशिका छापल्या जातात आणि सदस्य त्या आपापल्या ओळखीत खपवतात. समजा, कंत्राट दीड लाखाचे आहे आणि भाडे, छपाई, ध्वनी, नटमंडळींची राहण्याची सोय मिळून आणखी पन्नास हजार लागतात. पाचशे रुपयांच्या पाचशे प्रवेशिका खपल्या तर अडीच लाख येतात आणि हाती उरतात पन्नास हजार. इतक्या धावपळीच्या मानाने ते थोडेच. म्हणून अनुभवी खजिनदार प्रयोगाच्या कमाईपेक्षा पुरस्कर्त्यांच्या रकमेकडे आणि स्मरणिकेकडे लक्ष ठेवतो. प्रवेशिकांतून खर्च निघावा आणि जाहिरातींतून निधी उभा राहावा, असे गणित तो मांडतो. प्रवेशिका हातोहात खपवताना एक नियम सगळ्यांना पाळावाच लागतो. न खपलेल्या प्रवेशिका प्रयोगाच्या आधी परत यायला हव्यात आणि खपलेल्यांचे पैसे त्याच दिवशी जमा व्हायला हवेत. प्रयोग झाल्यावर पैसे मागत फिरणे हे सेवा क्लबातले सर्वांत कटकटीचे काम, आणि मैत्रीत वितुष्ट येण्याचे नेहमीचे कारणही.

स्मरणिकेचा जमाखर्च वेगळा असतो. मलपृष्ठ, मुखपृष्ठाची आतली बाजू, पूर्ण रंगीत पान, अर्धे पान, पाव पान असे दर लावले जातात. सराफी पेढी, पतसंस्था, वाहनांचे शोरूम, खासगी रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि गृहप्रकल्प हे सावेडी-नगरमधले नेहमीचे जाहिरातदार. जाहिरात देणाऱ्याच्या लेखी हा व्यवसायाचा खर्च असतो, देणगी नव्हे. देणगीसाठी आयकर कायद्याखाली वेगळी वजावट मागायची असते, क्लबच्या न्यासाला तशी मान्यता असेल तर. सेवा क्लबांच्या न्यासांना दिलेल्या देणगीवरची वजावट सहसा रकमेच्या निम्मी असते आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. देणगीदारांची माहिती संस्थेने आयकर खात्याला कळवायची आणि देणगीदाराला ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यायचे, अशी अलीकडची पद्धत आहे. नव्या करप्रणालीत ही वजावटच नसल्याने पगारदार देणगीदाराला करसवलतीचे आमिष दाखवण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. कामाचे स्वरूप समजावून सांगूनच देणगी मागावी लागते, आणि ते योग्यच आहे.

नवरात्रातला दांडिया, आनंदमेळा, हौजी, दिवाळीच्या फराळाची विक्री, रद्दी संकलन हे मार्ग रकमेने छोटे. इनर व्हील आणि महिला सदस्यांच्या क्लबांनी फराळ-विक्रीला चांगले वळण दिले. चकली, अनारसे, करंज्या गृहोद्योग करणाऱ्या बायकांकडून घ्यायच्या, त्यांचा मोबदला आधी चुकवायचा आणि राहिलेला फरक निधीत घालायचा. निधी तर जमतोच, शिवाय पन्नाशीतल्या एखाद्या मावशींना दिवाळीच्या तोंडावर हक्काचे काम मिळते.

मोठी रक्कम आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानांतून येते. रोटरी फाउंडेशनची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ मध्ये मांडली, त्यातली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. सदस्यांनी वार्षिक निधीत दिलेल्या पैशांचा जवळपास निम्मा भाग तीन वर्षांनी त्यांच्याच प्रांताकडे प्रकल्पांसाठी परत येतो. म्हणजे आज सावेडीतल्या सदस्याने दिलेली रक्कम तीन वर्षांनंतरच्या अध्यक्षाच्या उपयोगी पडते. ‘ग्लोबल ग्रँट’ या मोठ्या अनुदानासाठी किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प आणि परदेशातला एक जोडीदार क्लब लागतो. डायलिसिस यंत्रे किंवा शस्त्रक्रियागृहाची उपकरणे अशा अनुदानातून येतात. तिथे क्लबने पहिल्याच दिवशी विचारायचा प्रश्न देखभालीचा आहे. यंत्राची हमी संपल्यावर दुरुस्तीचा करार कोण करणार, तंत्रज्ञाचा पगार कोण देणार, रुग्णाकडून किती शुल्क घेणार, हे लेखी ठरलेले नसेल तर दात्याच्या नावाची पाटी राहते आणि यंत्र बंद पडते. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी २०१४ पासून कायद्याने बंधनकारक झाला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्चावी लागते. नागापूर औद्योगिक वसाहत सावेडीपासून जवळच आहे. पण त्या वसाहतीतले बहुतेक लघुउद्योग या मर्यादेच्या खूप खाली आहेत, त्यामुळे तिथून मदत येते ती मालकाच्या वैयक्तिक ओळखीतून.

निधीचा मोठा वाटा आरोग्याच्या कामावर जातो. १९२५ मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंटला हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचे आवाहन केले, तेव्हापासून डोळ्यांचे काम हे लायन्सचे मुख्य काम झाले. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मोतीबिंदूचे शिबिर होते तेव्हा गावच्या शाळेत फक्त तपासणी होते. शस्त्रक्रिया शिबिराच्या तंबूत करायची पद्धत जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे मागे पडली, आता रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात नेतात. शस्त्रक्रियेच्या खर्चाला सरकारी योजनेचे अनुदान असू शकते. वाहन, सोबतच्या नातेवाइकाचे जेवण, थेंबाची औषधे आणि काळा चष्मा हे क्लबच्या वाट्याला येते. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो पुढचा भाग. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने डोळा पुन्हा तपासायचा असतो. सत्तरीतली आजी एसटीचे भाडे आणि सोबत जुळत नाही म्हणून तपासणीला येत नाही. शिबिराच्या फलकापेक्षा या तीन फेऱ्यांसाठी गाडी ठरवणारा क्लब अधिक काम करतो.

रक्तदान शिबिरांत वेळापत्रकाची चूक नेहमी होते. रक्त गोळा करते रक्तपेढी, क्लब दाते जमवतो. साठवलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते आणि त्यातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांना सगळ्यांची शिबिरे एकदम भरतात. मे महिन्यात महाविद्यालये बंद, दाते गावी गेलेले, आणि रक्तपेढीचे कप्पे रिकामे. पुरुष दात्याला पुन्हा रक्त देण्यासाठी तीन महिने आणि स्त्री दात्याला चार महिने थांबावे लागते. साहजिकच एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये घेतलेले पन्नास दात्यांचे शिबिर ऑगस्टमधल्या दोनशे दात्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरू शकते. हे ज्या क्लबच्या साप्ताहिक सभेत रक्तपेढीचा डॉक्टर व्याख्याता म्हणून येऊन गेला, त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

छोट्या गटांनी एकत्र येऊन मोठे उद्दिष्ट गाठल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलिओचे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम सुरू केली. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, १९८८ पर्यंत जमले २४.७ कोटी. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. नगरसह देशभरच्या क्लबांचे सदस्य अंगणवाडी आणि आरोग्य विभागाच्या बरोबरीने बूथवर बसले. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. एका वर्षाच्या अध्यक्षाला दाखवता येईल असे हे काम नव्हते. तीस वर्षांत तीस अध्यक्ष बदलले तरी ते चालू राहिले.

एका वर्षाची मुदत ही या क्लबांची ताकद आहे आणि दुबळी बाजूही. वर्ष १ जुलैला सुरू होते, ३० जूनला संपते. जुलैत पदग्रहण सोहळा, पुढे प्रांतपालांची अधिकृत भेट, हिवाळ्यात मोठे प्रकल्प, मार्चअखेर देणग्यांची घाई, एप्रिल-मेमध्ये पुढच्या मंडळाचे प्रशिक्षण. प्रत्येकाला संधी मिळते, कोणी खुर्ची अडवून बसत नाही. पण मागच्या अध्यक्षाने लावलेल्या झाडांना पाणी घालायला पुढच्याला उत्साह नसतो. म्हणून जाणत्या क्लबांनी स्वतंत्र सार्वजनिक न्यास नोंदवले आहेत. विश्वस्त काही वर्षे टिकतात, मोठी देणगी आणि यंत्रसामग्री न्यासाच्या नावावर राहते, आणि क्लबचे मंडळ दरवर्षी बदलू शकते. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. गणेश मंडळांना हे कलम चांगले माहीत आहे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मावळता खजिनदार पावतीपुस्तके, बँकेची पासबुके, न वापरलेल्या प्रवेशिका, प्रकल्पनिहाय खर्चाची फाइल आणि येणे असलेल्या रकमांची यादी नव्या खजिनदाराकडे देतो. बँकेत सह्या बदलतात. सनदी लेखापालाकडे हिशेब तपासणीला जातात. नोंदणीकृत संस्थेच्या कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करायचा असतो, त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. दरवर्षी मंडळ बदलणाऱ्या संस्थेला तो दरवर्षी द्यावा लागतो. चार-पाच वर्षांचे अर्ज तुंबले की बँक खाते उघडण्यापासून अनुदान मिळवण्यापर्यंत सगळे अडते, आणि मग जुन्या सभांची इतिवृत्ते शोधावी लागतात. इतिवृत्ताच्या वहीत कोण हजर होते, काय ठरले आणि किती रक्कम मंजूर झाली हे त्या-त्या आठवड्याला लिहिलेले असेल, तर हे काम एका दुपारचे असते.